नवव्या रकान्यातलं गाव

सरस्वतीनं भरलेला पहिला फॉर्म तिच्या स्वतःच्याच घराचा होता. संस्थेच्या स्नेहाबेननी शिकवणीच्या दिवशी सगळ्या बायांना सांगितलं, आधी आपलं घर मोजा, मग लोकांची. सरस्वतीनं लिहिलं: नवरा दत्तू, वय चौतीस, काम लूमवर. मुलगी पूजा, वय नऊ, शाळेत जाते. 'बाईला एकूण झालेली मुलं' या रकान्यापाशी तिचं पेन जरा अडलं. मग तिनं 'एक' लिहिलं आणि फॉर्म पुढं सरकवला. स्नेहाबेन तो बघून म्हणाल्या, "सरस!" गुजरातीत सरस म्हणजे छान. सरस्वतीला वाटलं आपल्यालाच हाक मारली, आणि ती "जी" म्हणून उभी राहिली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

सुरतेजवळच्या उधन्याच्या रेल्वे फाटकापलीकडं पत्र्याच्या खोल्यांच्या तीन गल्ल्या होत्या. सगळी वस्ती खानदेशची, ताप्ती लाइनच्या गाडीनं एकेक करून उतरलेली. घरातल्या घरात अहिराणी बोलणारी. परभणीकडची दोन-चारच घरं, त्यातलं एक सरस्वतीचं. संस्थेला मराठी येणारी, दहावी झालेली बाई हवी होती. बडोद्याच्या ऑफिसाला परभणी काय नि पारोळा काय, सगळं मराठीच. सरस्वतीलाही पहिले चार दिवस बायांचं निम्मंच कळायचं. मग कान सरावला, किंवा सरावला असं तिला वाटलं.

काम सांगायला सोपं होतं. संस्थेनं गल्लीच्या तोंडाशी बालकेंद्र काढलं होतं. दर गुरुवारी लेकरांची वजनं, हातावर सुखडीचा, म्हणजे गूळ-गव्हाच्या वडीचा तुकडा, जुलाब लागले तर मीठ-साखरेची पुडी. केंद्र काढण्याआधी तिन्ही गल्ल्या मोजल्या, तेव्हा एका वर्षात वर्षाच्या आतली चौदा लेकरं गेली होती. आता केंद्राला दोन वर्षं झाल्यावर परत मोजायचं. आकडा निम्म्यावर आला तर केंद्र आणखी तीन वर्षं चालणार, आणि सरस्वती देखरेखीवर कायम होणार. नाही आला तर केंद्राला कुलूप.

स्नेहाबेनचा एक नियम मात्र कडक होता. वाटणाऱ्यानं मोजायचं नाही आणि मोजणाऱ्यानं वाटायचं नाही. सुखडी देणारीच प्रश्न विचारायला लागली, की बाया तिला गोड वाटेल तेच सांगतात. म्हणून सरस्वतीला केंद्राची पायरी चढायची बंदी होती. ती नुसती दारोदार फिरायची. खांद्याला रेक्झिनची पिशवी, त्यात फॉर्मांचा गठ्ठा, पाण्याची बाटली आणि उन्हासाठी कांदा.

फॉर्ममध्ये नववा रकाना होता: मूल सध्या कुठं आहे? एक म्हणजे घरी. दोन म्हणजे मयत. तीन म्हणजे बाहेरगावी.

तो पंच्याण्णवचा चैत्र होता. आदल्या भादव्यात सुरतेत प्लेगचा रोग आला, तेव्हा माणसं गाडीच्या टपावर बसून गावाकडं पळाली होती. लूम परत सुरू झाले तशी परत आली, पण कितीकांनी धाकटी पोरं तिकडंच ठेवली. त्यामुळं तीनचा आकडा लिहिताना सरस्वतीला एकदाही चुकल्यासारखं वाटलं नाही.

मधल्या गल्लीत चंचलची खोली होती. चंचल वीस-एकवीस वर्षांची, पाचव्या महिन्याची पोटुशी. सासू पुष्पाबाई दारात बसून साडीच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कात्रीनं कापत होती. गठ्ठ्यात अशा साठ साड्या. कापलेल्या धाग्यांचा रंगीत ढीग तिच्या गुडघ्यापर्यंत आला होता.

"पहिलं मूल?" सरस्वतीनं विचारलं.

"अक्षय," चंचल म्हणाली. नाव तिनं टीव्हीवर ऐकून ठेवलं होतं.

"कुठं आहे?"

चंचलनं सासूकडं बघितलं. कात्री थांबली.

"मामाना गावले गया," चंचल म्हणाली.

सरस्वतीनं तीन लिहिलं. "बरं झालं. इथल्या उन्हात हाल होतात लेकरांचे," असंही म्हणाली. ते वाक्य पुढं तिला किती दिवस टोचत राहणार होतं, हे तेव्हा तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. पुष्पाबाईनं तिला पाणी दिलं. पाणी पिऊन ती पुढच्या दाराला गेली.

बडोद्याला कॉम्प्युटरवर आकडे चढायला पाच महिने लागले. दसऱ्याच्या सुमारास स्नेहाबेन पेढ्यांचा पुडा घेऊनच आल्या. चौदाचे पाच झाले होते.

"सरस्वतीबेन, पाँच! समजती हो? नौ बच्चे बच गए," असं म्हणून त्यांनी पेढा स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातला. स्नेहाबेन तशी सत्तावीस-अठ्ठावीसची पोर, पण त्या दिवशी तिचे डोळे एखाद्या आजीसारखे भरून आले होते. पंधरा दिवसांनी केंद्राला पैसा देणारे दिल्लीचे साहेब येणार होते. तोवर एकच किरकोळ काम राहिलं होतं: मधल्या महिन्यांत जन्मलेल्या लेकरांची नावं गोळा करायची.

सरस्वती घरी आली ती उडतच. दत्तू बारा तासांची पाळी करून आला होता. केसांत, भिवयांत कापसाची पिंजण. लूमच्या खडखडाटानं त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो घरातही ओरडूनच बोलायचा.

"कायम?" तो ओरडला. "म्हंजी आता लोकांची पोरं मोजून मोजून तू साहेबीण व्हायलीस की!"

पूजा खुदकन हसली. त्या दिवशी सरस्वतीनं गूळ घालून शिरा केला.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन मधल्या गल्लीत शिरली. आता कान तर सरावलेलाच, बायांशी थट्टाही जमायला लागली होती. पहिल्या दाराला बाळाचं नाव सांगितलं चिंधा. त्याच ओळीत पुढं दगा. मग चंचलची खोली. चंचलच्या मांडीवर महिन्याभराचं पोर, काळं कुळकुळीत, कपाळभर काजळाचा टिळा.

"नाव?"

"सुपडू," पुष्पाबाई म्हणाली.

सरस्वती हसायला लागली. "काय गं बायांनो! टीव्हीवर इतकी नावं असताना चिंधा, दगा, सुपडू? थोरल्याचं कसं छान ठेवलंय, अक्षय. त्यानं विचारलं तर काय सांगाल, मामाच्या गावाहून आल्यावर?"

कुणी हसलं नाही. चंचल पोर उचलून आत गेली. पुष्पाबाईनं कात्री खाली ठेवली.

"सूपमा निजाडा," ती हळू म्हणाली. "शेजारनीले दिधा. मंग तिनाकडथीन पाच पैसामा इकत लिधा. आते तो आमना नई, इकत लिधेल शे. म्हनीसन सुपडू."

सरस्वतीचं हसू तोंडावरच राहिलं. ही चाल तिच्या गावाकडंही होती. तिच्या चुलतसासऱ्याचं नाव उकंडा होतं. त्याच्या आधीची तीन गेली, म्हणून त्याला उकिरड्यावर ठेवून परत आणला होता. असं नाव कुणी हौसेनं ठेवत नाही. आधीचं गेल्यावर ठेवतात, मृत्यूला किळस यावी म्हणून.

"मावशी," ती म्हणाली, "मग अक्षय?"

"तुमनाकडे असं नई म्हनतस का?" पुष्पाबाई म्हणाली. "धाकलं लेकरू सरनं तर मरनं म्हनो नई, बाई. मामाना गावले गयं म्हनो. मरनं म्हनं का मांगला बी त्याच वाटथीन जास." तिनं पदरानं डोळ्यांच्या कडा दाबल्या. "माले वाटनं तुले समजनं. तू तं म्हननी, बरं व्हयनं."

सरस्वतीनं पिशवी खांद्यावरून उतरवली. ती तिथंच उंबऱ्याशी धाग्यांच्या ढिगावर बसली. लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही मोठी भीती वाटली. चिंध्याच्या आधी कोण होतं? दग्याच्या आधी? आपण तीन-तीन करत किती दारं पुढं गेलो?

घरी येऊन तिनं आपल्याजवळच्या फॉर्मांच्या प्रती काढल्या. वर्षाच्या आतलं मूल आणि नवव्या रकान्यात तीन, असे एकवीस फॉर्म निघाले. दत्तू जेवायला बसला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

दत्तूनं घास खाली ठेवला. "तुला कुणी इचारलंय का? बायाच सोता म्हणल्या ना गावाला गेलं? मग तू लिव्हलंस ते खरंच हाय. कशाला उकरून काढायलीस? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कोंबडं झाकल्यानं तांबडं फुटायचं राहतं का?"

"आन् केंद्र बंद पडलं म्हंजी? ह्या सुपडूला पुडी कोण देणार, तू?"

सरस्वतीनं फॉर्म एकावर एक रचले. दत्तू ताट सारून उठला. हात धुऊन आल्यावर तिच्याकडं न बघता म्हणाला, "तूबी आपली कुठं लिव्हलीस?" आणि आयुष्यात पहिल्यांदा तो हळू आवाजात बोलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरस्वती संस्थेच्या सुरतेतल्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. स्नेहाबेननी ऐकून घेतलं. त्यांच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला. नऊ लेकरं त्यांनी मनात वाचवून ठेवली होती. ती एकेक करून परत द्यायची होती. खिडकीबाहेर साड्यांचे तागे लादलेला टेम्पो मागं घेत कुणीतरी ओरडत होतं. त्या म्हणाल्या, "मला रागवायचं असतं तर कुणावर रागवू? फॉर्म मी बनवला. हा शब्द मला माहीत नव्हता."

"मी दुरुस्त करते, बेन. आजच."

"नहीं. अंदाजथी न लखाय, अंदाजानं नाही लिहायचं." गुजराती, हिंदी, मराठी त्यांचं सगळं एकत्र झालं होतं. "एकवीसपैकी काही खरंच गावी असतील. परत जा. आईच्या तोंडून आलं पाहिजे. साफ शब्दात. तरच बदलायचं."

चार दिवस सरस्वती त्या एकवीसपैकी वीस दारं चढली. आधी जिथं पाणी मिळायचं तिथं आता दार अर्धंच उघडायचं. काय विचारायचं हे ठाऊक असून ते विचारायला जीभ रेटत नव्हती. काही घरी मूल खरोखरच गावी होतं, तिथं बाया हसून फोटो दाखवायच्या आणि सरस्वतीच्या जिवात जीव यायचा. काही घरी बाईनं आधी मागच्या पोराला आत पाठवलं, मग भिंतीकडं तोंड करून तो शब्द म्हटला. एकीनं तो ओठांतल्या ओठांत म्हटला. नवऱ्यानं तो मोठ्यानं सांगितला, आणि सांगून झाल्यावर सरस्वतीलाच हात जोडले. म्हणाला, "आते परत नका इचारज्यात." दिवसाअखेरी तिचे पाय भरून यायचे. आकडा पाचाचा सहा, सातचा नऊ असा चढत बारावर आला. उरला एकच फॉर्म.

चंचलकडं ती पाचव्या दिवशी दुपारी गेली. पुष्पाबाई साड्यांचा गठ्ठा पोचवायला गेली होती. चंचलनं सुपडूला पायांवर घेऊन तेल लावलं होतं. सरस्वती बसली. तेलाची वाटी तिनं चंचलच्या हाताशी सरकवली.

"तुना कागदमा तो आजून गावलेच शे ना?" चंचलनंच विचारलं.

"हो."

"मंग ऱ्हाऊ दे ना व माय. कोठे तरी तं शे."

सरस्वतीनं मान खाली घातली. हे एक वाक्य आधी कुणी म्हटलं असतं तर ती बाकीच्या वीस दारांना गेलीच नसती. चंचल मग आपणहून बोलायला लागली. चार महिन्यांचा होता. रोगाच्या दिवसांत सगळे पळाले, ह्यांच्या घराला गाडीत जागाच मिळाली नाही. अक्षयला जुलाब लागले. ती त्याला घेऊन केंद्रापाशी गेली. "तुमना केंद्रले कुलूप व्हतं," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. असता तर सरस्वतीला बरं वाटलं असतं.

मग चंचलनं एकदम वर बघितलं. "तू समदास्ले इचारस. तुनं कोनी गयं का गावले?"

दोनशे चाळीस घरं सरस्वतीनं मोजली होती. तिला मात्र आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"गेली," ती म्हणाली. "पूजाच्या आधीची. बारा दिवसांची होती. बारशाच्या दिवशीच, सकाळी. पाळण्याला झेंडू बांधून झाला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या." तिला रडू आवरेना. "नाव ठेवायचं राहिलं, म्हणून सासूबाई म्हणाल्या, ही मोजदादीत धरायची नाही. मीबी नाही धरली. पहिल्याच फॉर्मात खोटं लिहिलं मी, चंचल."

"कोठे शे तो कागद?"

गठ्ठ्याच्या तळाशी होता, घर नंबर एक. सरस्वतीनं तो काढला. 'एक' खोडून 'दोन' केलं. खाली नवी ओळ आखली: मुलगी, वय बारा दिवस. नवव्या रकान्यात दोन. नावाच्या जागी येऊन ती थांबली.

"नावच नव्हतं."

"मंग आते ठेव," चंचल म्हणाली. "नाव फुई ठेवस ना? मी ठेवस. मी तिनी फुई." फुई म्हणजे आत्या. सुपडूच्या तळपायाला तेल चोळत तिनं थोडा विचार केला. "तापी. आमनाकडथीन निंघस नि आठे येस. तापी लिख."

सरस्वतीनं 'तापी' लिहिलं. दहा वर्षं उशिरा, न पाळणा न घुगऱ्या, परक्या मुलखातल्या एका पत्र्याच्या खोलीत तिच्या लेकीचं बारसं झालं. मग तिनं काही न विचारता दुसरा फॉर्म वर घेतला आणि नुसती बसून राहिली.

चंचलनं सुपडूला उराशी घेतला. त्याचा एक कान आपल्या छातीला दाबला आणि दुसऱ्यावर तेलकट तळवा गच्च ठेवला, म्हणजे त्याला ऐकू जायला नको.

"लिख," ती म्हणाली. "अक्षय. चार महिना. मरना."

दिल्लीचे साहेब आले, तेव्हा त्यांच्यापुढं तेराचा आकडा ठेवला गेला. तापी त्या हिशेबात बसत नव्हती. ती जुनी होती, परभणीकडची होती. पण स्नेहाबेननी तो फॉर्म तसाच फायलीत राहू दिला. साहेब सभ्य माणूस होता. त्यानं खरं सांगितल्याबद्दल आभार मानले, चहा घेतला आणि चौदाचे तेरा म्हणजे फरक नाही, असं म्हणाला. संक्रांतीच्या आत केंद्राची पाटी उतरली. काटा, पुड्यांची खोकी, सुखडीचं पातेलं हातगाडीवर गेलं. स्नेहाबेनची बदली दुसऱ्या गावी झाली. जाताना त्या सरस्वतीच्या गळ्यात पडल्या.

आता सरस्वतीही पुष्पाबाईच्या शेजारी बसून साड्यांचे धागे कापते. दत्तू तिला टोचून बोलला नाही, हे त्याचं मोठेपण. गल्लीतल्या बायांनी मात्र महिनाभर तिच्याशी धड भाषण केलं नाही. केंद्र हिच्यामुळं गेलं, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

एका गुरुवारी, वजनाच्याच वाराला, चंचल सुपडूला कडेवर घेऊन येऊन बसली. दाराशी आणखी तिघी-चौघी होत्या. चिंध्याची आई होती, दग्याची होती.

"ताई," चंचलनं विचारलं, "त्या कागदवरथीन शेवट काय निंघनं? दोन वरीसमा कितला वाचनात?"

सरस्वतीनं कात्री थांबवली. "एक," ती म्हणाली. "चौदाचे तेरा. एक वाचलं."

तो एक कोणाचा, ते कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं, हेही ती सांगणार होती. पण कुणी विचारलंच नाही. चंचलनं सुपडूला कडेवरून मांडीवर घेतलं आणि पदर ओढला. दग्याच्या आईनं दग्याला जवळ घेतलं. पलीकडं चिंध्याच्या आईनंही अंगठ्यानं त्याचा फिसकटलेला काजळाचा टिळा नीट केला. सरस्वतीनं पुढची साडी उलटी करून मांडीवर घेतली.